'ड्रूप'ला सगळीकडे 'झुकणे' चालेल का? सॅग, विल्ट, स्लम्प यांच्यापासून तो वेगळा कसा करायचा?

भाषांतरवही

इंग्रजी 'ड्रूप' (डी, आर, डबल ओ, पी) या शब्दापुढे कोशात 'झुकणे, लोंबणे, मलूल होणे, खचणे' असे अर्थ ओळीने दिलेले असतात. कुठे कोणता घ्यायचा ते मात्र त्यावरून कळत नाही. खालची वाक्यं निरनिराळ्या मजकुरांतली आहेत, मूळ शब्द सगळीकडे ड्रूपच:

१. पक्षाघाताचं माहितीपत्रक: चेहऱ्याची एक बाजू ड्रूप झाली आहे का ते पाहा.
२. कुंडीतल्या झाडांची पुस्तिका: दुपारी पानं ड्रूप होतात.
३. कथा: बातमी ऐकून तिचे खांदे ड्रूप झाले.
४. जनरेटरचं मॅन्युअल: दोन्ही सेटचा ड्रूप ४ टक्क्यांवर ठेवा.
५. गोपालन: गीर गाईचे ड्रूपिंग कान.
६. शिवणकाम: उरेब (तिरक्या) कापलेल्या स्कर्टचा घेर काही ठिकाणी ड्रूप होतो.

सरसकट 'झुकणे' लावलं तर चौथं वाक्य निरर्थक होतं आणि पहिल्यात वाचणाऱ्याचा गैरसमज होईल अशी धास्ती वाटते. सॅग, विल्ट, स्लम्प हे शब्दही याच मजकुरांत आहेत, त्यामुळे त्यांच्यात आणि ड्रूपमध्ये फरक राखायला हवा. जाणकारांनी नेमके पर्याय सुचवावेत.

शब्दवेध

आधी दोन गोष्टी पाहायच्या. वस्तू कुठे धरलेली आहे आणि ती खाली कशामुळे आली.

ड्रूपमध्ये वस्तू एका टोकाला धरलेली असते. मोकळं टोक आधी ताठ किंवा वर असतं आणि बळ कमी पडलं की हळूहळू खाली येतं. पापणी, पान, फुलाची मान, खांदा, पक्ष्याचा पंख, वारा पडल्यावरचा झेंडा ही सगळी ड्रूपची उदाहरणं. सॅगमध्ये वस्तू बहुतेकदा दोन्ही टोकांना किंवा कडांना धरलेली असते आणि मधोमध खाली येते: खाट, गादी, विजेची तार, छपराचा वासा. याला मराठीत अगदी घरातला शब्द आहे, झोळ. खाटेला झोळ पडतो, तारेला झोळ येतो. पानाला झोळ पडत नाही. फक्त कातडीच्या बाबतीत हा नियम ढिला पडतो. सुरकुतलेल्या गालांना आणि दंडाच्या कातडीला इंग्रजीत सॅग जास्त चालतो, तिथे मराठीत 'लोंबणे' किंवा 'ओघळणे' घ्या.

ड्रॉप आणि ड्रूप यांची गल्लत सर्वांत जास्त होते. दोन्ही शब्द एकाच जर्मानिक कुळातले आहेत, पैकी ड्रूप इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ मान खाली घालणे असा होता. फूल ड्रॉप झालं म्हणजे देठापासून गळून पडलं. ड्रूप झालं म्हणजे देठावर राहूनच त्याने मान टाकली. ड्रॉपमध्ये संबंध तुटतो, ड्रूपमध्ये तो टिकतो. उच्चारात ऊ दीर्घ आहे, 'ड्रुप' असं ऱ्हस्व म्हणू नये.

स्लम्प म्हणजे अवसान एकदम जाऊन कोसळणं. माणूस खुर्चीत स्लम्प होतो, विक्री स्लम्प होते. बाजारभाव थोडे थोडे उतरत असतील तर इंग्रजीत सॅग वापरतात आणि आपल्या व्यापारी पानांवर 'नरमाई' असते. भावाला ड्रूप सहसा लावत नाहीत. काँक्रीटच्या स्लम्प चाचणीचं भाषांतर करायच्या फंदात पडू नका. ३०० मिलिमीटर उंचीचा शंकू भरून तो वर उचलल्यावर काँक्रीट किती मिलिमीटर खाली बसलं ते त्यात मोजतात आणि साइटवरचा मिस्त्रीही त्याला स्लम्पच म्हणतो. स्लाउच म्हणजे पोक काढून बसणं, त्यात दुबळेपणापेक्षा सवय असते. स्टूप म्हणजे स्वतःहून वाकणं. डँगल म्हणजे लोंबकळणं, त्यात हेलकावा गृहीत आहे. ड्रूपमध्ये हेलकावा नसतो.

व्याकरणाचं म्हणाल तर ड्रूप जवळजवळ नेहमी अकर्मक असतो. पक्ष्याने पंख ड्रूप केले असा सकर्मक वापर क्वचित दिसतो. यंत्रांत मात्र मुद्दाम केलेला ड्रूपही असतो. काँकॉर्ड विमानाचं लांब नाक वैमानिकाला धावपट्टी दिसावी म्हणून उड्डाणाच्या वेळी ५ अंश आणि उतरताना १२.५ अंश खाली करत असत, त्याला ड्रूप नोज म्हणतात. तिथे 'झुकवणे' हे प्रयोजक रूप चपखल बसतं.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजीत एका क्रियापदाने जे भागतं, तिथे मराठीत क्रियापद नाम ठरवतं. पापण्या जडावतात. मान खाली जाते. खांदे पडतात. उमेद खचते. पीक माना टाकतं. म्हणून ड्रूपला पर्याय न शोधता त्या नामासोबत आपण काय बोलतो ते शोधायचं. तुमचं तिसरं वाक्य 'बातमी ऐकली आणि तिचे खांदे पडले' असं सरळ करा. 'खांदे झुकले' लिहिलंत तर ओझ्याने किंवा नम्रतेने झुकले असा भास होतो.

खाली येण्यामागे दर वेळी दुबळेपणा असतोच असं नाही. दाणे भरल्यावर भाताची लोंबी वाकते, फणसाने किंवा आंब्याने फांदी खाली येते, इंग्रजीत त्यालाही ड्रूप म्हणतात. इथे 'मलूल' किंवा 'माना टाकणे' लिहिलं तर अर्थ उलटा होतो. वजनाने खाली आलेल्या गोष्टीला 'लवणे', 'ओथंबणे', 'लगडणे' हे शब्द आहेत: फळभाराने फांद्या लवल्या.

पहिल्या वाक्याला माझ्या मते 'चेहऱ्याची एक बाजू ओघळणे' चांगलं वाटतं. 'चेहरा उतरणे' मात्र कटाक्षाने टाळा, तो खिन्नतेचा वाक्प्रचार आहे.

रुग्णसेवा

शब्दवेध यांचं 'चेहरा उतरणे'बद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. 'ओघळणे'शी मात्र सहमत नाही. माहितीपत्रक घाईत आणि घाबरलेल्या माणसाने वाचायचं असतं. 'ओघळणे' म्हटलं की अश्रू, घाम, मेण डोळ्यांसमोर येतं. गावात आणि शहरात, दोन्हीकडे लगेच कळणारा शब्द 'तोंड वाकडं होणे' हा आहे. अडचण एवढीच की सुरुवातीला ते वाकडेपण शांत चेहऱ्यावर फारसं दिसत नाही. म्हणून पत्रकात कृती लिहा: 'हसायला किंवा दात दाखवायला सांगा. तोंडाचा एक कोपरा खालीच राहतो का, तोंड एका बाजूला ओढलं जातं का, ते पाहा.' ज्या बाजूचा कोपरा खाली राहतो ती बाजू दुबळी, आणि तोंड ओढलं जातं ते चांगल्या बाजूकडे. नातेवाईक नेमकं उलटं सांगतात, कारण ओढलेली बाजूच नजरेत भरते. पत्रकात हे एका वाक्यात स्पष्ट केलंत तर उपयोग होईल.

पक्षाघात ओळखण्यासाठीच्या इंग्रजीतल्या 'फास्ट' या आद्याक्षरांत चेहऱ्यानंतर हात आणि बोलणं येतं. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगायचे. एक हात हळूहळू खाली येत असेल तर त्याला इंग्रजीत ड्रिफ्ट म्हणतात, ड्रूप नव्हे. मराठीत 'हात खाली घसरतो' लिहा. मग एक सोपं वाक्य म्हणायला लावायचं. शेवटचं अक्षर वेळेचं आहे. लक्षणं कधी सुरू झाली, किंवा माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ टिपून १०८ ला फोन करायचा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी मेंदूचा स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. त्यामुळे घरी वाट पाहण्यात गेलेली वेळ थेट या साडेचार तासांतून वजा होते.

तोंड वाकडं होण्याचं दुसरं कारण बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा. त्यात कपाळासकट अर्धा चेहरा सैल पडतो, त्या बाजूला आठ्या घालता येत नाहीत आणि डोळा नीट मिटत नाही. मेंदूच्या झटक्यात कपाळाला दोन्ही मेंदूभागांकडून संदेश मिळत असल्यामुळे आठ्या बहुधा पडतात. हा फरक डॉक्टरांसाठी आहे. सामान्य वाचकाच्या पत्रकात तो घालू नका, घरी बसून निदान करण्यात वेळ जाईल.

पापणीच्या ड्रूपला वैद्यकात टोसिस म्हणतात. स्पेलिंगमधला सुरुवातीचा पी उच्चारत नाहीत, त्यामुळे देवनागरीत 'प्टोसिस' लिहू नये. मराठीत 'पापणी खाली येणे' किंवा 'पापणी पडणे' पुरेसं आहे. 'पापण्या जडावणे' झोपेला आणि थकव्याला राखून ठेवा, आजाराला नको. एका ठिकाणी तर हा भेद जिवावर बेततो. नाग किंवा मण्यार चावल्यावर विषाने स्नायू लुळे पडतात आणि बहुतेक वेळा सर्वांत आधी पापण्या मिटू लागतात. मण्यार रात्री झोपेत चावते, दंश फारसा दुखत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे उठलेल्या माणसाला डोळे उघडता येत नसतील तर घरच्यांना ती झोप वाटते. आरोग्याच्या मजकुरात तिथे 'डोळे जड वाटतात' असं गुळमुळीत लिहिण्याऐवजी 'प्रयत्न करूनही पापण्या उघडत नाहीत' असं लिहा. त्यानंतर गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होतो, म्हणून तोपर्यंत रुग्णालय गाठलेलं असायला हवं.

शेवटचं म्हणजे, फूट ड्रॉप आणि रिस्ट ड्रॉप या दोन संज्ञांत ड्रॉपच आहे. पाऊल किंवा मनगट जागेवरच राहून लुळं लोंबतं, तरी रूढ शब्द तोच. तिथे 'ड्रूप' अशी दुरुस्ती करू नका. मराठीत पाऊल उचलता न येणे, मनगट लुळं पडणे.

पन्नासहर्ट्झ

चौथ्या वाक्यात 'झुकणे', 'लोंबणे', 'झोळ' यांपैकी काहीही चालणार नाही. जनरेटरचा ड्रूप हा दोष नसून मुद्दाम ठेवलेली सेटिंग असते. शब्द 'ड्रूप'च ठेवा आणि पहिल्यांदा येतो तिथे समजावून सांगा: 'भार वाढेल तसा इंजिनाचा वेग ठरावीक प्रमाणात कमी होऊ देण्याची गव्हर्नरची (वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सेटिंग.'

हिशेब असा. बिनभाराचा वेग वजा पूर्ण भाराचा वेग, त्याला ठरलेल्या वेगाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. मिनिटाला १५०० फेऱ्यांचा सेट ४ टक्के ड्रूपवर असेल तर बिनभार १५६० फेरे, पूर्ण भारावर १५०० फेरे. म्हणजे ५२ हर्ट्झपासून ५० हर्ट्झपर्यंत. अर्ध्या भारावर १५३०, म्हणजे ५१ हर्ट्झ.

एवढा वेग घसरू का द्यायचा, तर दोन सेट एकाच बसबारवर (वीज गोळा करणाऱ्या सामाईक पट्टीवर) समांतर चालवताना भार वाटून घेण्यासाठी. दोघांची वारंवारता एकच असणार, त्यामुळे कोणी किती भार घ्यायचा हे ड्रूपच्या रेषेवरून ठरतं. ४०० आणि २०० किलोवॉटचे सेट दोन्ही ४ टक्क्यांवर असतील तर ते क्षमतेच्या प्रमाणात, दोनास एक असा भार घेतात. एक २ टक्क्यांवर आणि दुसरा ४ वर राहिला, तर वारंवारता अर्धा हर्ट्झ, म्हणजे १ टक्का उतरली की पहिला क्षमतेच्या ५० टक्के आणि दुसरा २५ टक्केच भार उचलतो. पहिला तापतो, दुसरा आरामात चालतो. दोन्ही सेट शून्य ड्रूपवर, म्हणजे आयसोक्रोनस मोडमध्ये ठेवले आणि त्यांच्यात लोड शेअरिंगची जोडणी नसेल, तर एक सगळा भार ओढतो आणि दुसऱ्याला मोटरसारखा फिरवतो. मग रिव्हर्स पॉवर रिले (उलट्या दिशेने वीज आली की सेट तोडणारं उपकरण) ट्रिप होतो. तेव्हा 'दोन्ही सेटचा ड्रूप ४ टक्क्यांवर ठेवा' या वाक्यात 'दोन्ही' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, भाषांतरात तो गाळू नका. वीजकेंद्रांतही हेच तत्त्व असतं. भारतीय ग्रिड संहितेत गव्हर्नरचा ड्रूप ३ ते ६ टक्के ठेवायला सांगितलं आहे.

त्याच मॅन्युअलमध्ये व्होल्टेज ड्रूप आणि व्होल्टेज सॅग दोन्ही येतील. ते एक नाहीत. व्होल्टेज ड्रूप म्हणजे भारासोबत व्होल्टेज थोडं थोडं उतरत जाणं आणि भार असेपर्यंत तसंच राहणं. व्होल्टेज सॅग म्हणजे मोठी मोटर सुरू झाल्यावर किंवा लाइनवर फॉल्ट आल्यावर व्होल्टेज क्षणभर खाली जाऊन परत येणं. मानकांत त्याची मर्यादा विजेच्या अर्ध्या सायकलपासून (आवर्तनापासून) एक मिनिटापर्यंत आणि नेहमीच्या व्होल्टेजच्या १० ते ९० टक्के अशी धरतात. पहिल्याला 'भारामुळे होणारी घट', दुसऱ्याला 'क्षणिक घट' म्हणता येईल.

तारेच्या झोळाबद्दल शब्दवेध यांनी लिहिलं ते योग्यच. बातम्यांत 'लोंबकळणाऱ्या वीजतारा' असतं, त्यातून धोका कळतो पण मोजमाप नाही. तांत्रिक मजकुरात 'झोळ' हवा, कारण त्याला आकडा असतो. तारेचं मीटरमागचं वजन गुणिले गाळ्याच्या लांबीचा (दोन खांबांतल्या अंतराचा) वर्ग, भागिले ताणाच्या आठपट. मीटरला ०.४ किलो वजन, ६० मीटरचा गाळा आणि २०० किलो ताण असेल तर झोळ ०.९ मीटर येतो. खांबांतलं अंतर दुप्पट केलं तर झोळ चौपट होतो, म्हणून मधला एक खांब पडला की तार थेट डोक्यावर येते. उन्हाळ्यात तार तापून लांबते आणि झोळ वाढतो. ३३ केव्हीपर्यंतची (किलोव्होल्ट) उच्चदाब तार रस्ता ओलांडते तिथे जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच लागते. ही उंची मोजायची ती झोळाच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून, खांबावरच्या इन्सुलेटरपासून नव्हे.

भाषांतरवही

खूपच नेमकी माहिती, आभार. पानांच्या वाक्यात एक शंका उरली. पुस्तिकेत पुढे 'ड्रूपिंग आणि विल्टिंग यांत फरक करा' असं वाक्य आहे. मराठीत दोन्हीला 'कोमेजणे' आलं तर वाक्य कोसळतं.

काळी_माती

'कोमेजणे' मुळात फुलांना शोभतं, पानांना आणि पिकांना नको. ड्रूपला 'माना टाकणे' घ्या. पावसाने ओढ दिली की 'पिकांनी माना टाकल्या' हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. विल्टचे दोन अर्थ आहेत. पेशींतलं पाणी कमी होऊन पान लुळं पडतं, ती अवस्था म्हणजे 'सुकणे'. आणि रोगाचं नाव असेल तर 'मर'. हरभऱ्याचा, तुरीचा मर रोग सगळ्यांना माहीत आहे, तिथे 'सुकवा' वगैरे नवा शब्द घडवायची गरज नाही.

पुस्तिकेतला फरक असा मांडता येईल. दुपारी माना टाकलेलं झाड संध्याकाळी किंवा पहाटे ताठ झालं, तर मुळांना पाणी मिळतंय. उन्हात पानांतून जाणारं पाणी तेवढ्या वेगाने भरून निघत नाही, एवढंच. अशा वेळी दुपारी पाणी घालायची घाई नको. पहाटेही माना तशाच असतील तर बोट मातीत दोन-तीन सेंटिमीटर घालून पाहा. माती कोरडी असेल तर पाणी कमी पडलंय; कुंडीखालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला. माती ओली असूनही माना टाकलेल्या असतील तर पाणी जास्त झालंय. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात आणि पाणी असून वर चढत नाही. याच ठिकाणी बहुतेकजण आणखी पाणी घालतात आणि झाड जातं. भोक मोकळं करा, ताटलीत साचलेलं पाणी ओता, माती वरून सुकेपर्यंत थांबा.

शेतात हरभऱ्याचं झाड पाणी असूनही माना टाकत असेल तर ते उपटून खोड उभं चिरून पाहा. आत तपकिरी-काळसर रेघ दिसली तर मर. तिथे पाणी देऊन उपयोग नाही. कपाशीत कोरड्या खंडानंतर मोठा पाऊस होऊन पाणी साचलं की झाडं एकाएकी माना टाकतात, त्याला 'आकस्मिक मर' म्हणतात. नावात मर असली तरी ते बुरशीमुळे नसतं, पहिला उपाय साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढणं हा. इंग्रजीत त्यालाही विल्टच म्हणतात, म्हणून नुसत्या शब्दावर न जाता कारण पाहून भाषांतर करा.

गीर गाईचे कान 'लोंबते' लिहा. लांब, लोंबते आणि गुंडाळलेल्या पानासारखे, हे त्या जातीचं लक्षणच आहे. 'पडलेले कान' लिहू नका. ज्या जनावराचे कान एरवी उभे किंवा आडवे असतात त्याने 'कान पाडले' की ते आजारी असल्याची खूण समजतात. म्हणजे जन्मजात ठेवण असेल तर 'लोंबता', आज झालेला बदल असेल तर 'पाडलेला'. कासेलाही हेच लागू. 'लोंबती कास' हा निवडीतला दोष म्हणून लिहितात, कारण ती चालताना घासते, तिला इजा होते आणि दगडीचा (कासेला सूज येण्याच्या रोगाचा) धोका वाढतो.

उरेब_पट्टी

सहावं वाक्य: 'घेर काही ठिकाणी उतरतो'. शिवणकामात 'उतरणे' रूढ आहे, 'लोंबणे' म्हटलं की सगळाच घेर लांब झाल्यासारखं वाटतं. उरेब कापात उभे-आडवे धागे तिरके येतात, स्वतःच्या वजनाने ताणले जातात, म्हणून जिथे पूर्ण उरेब येतो तिथेच कापड जास्त उतरतं आणि उभ्या-आडव्या धाग्याच्या जागी कमी. घेर वरखाली दिसतो तो यामुळे. उपाय पुस्तकात असेलच: कंबरपट्टी लावून स्कर्ट निदान २४ तास टांगून ठेवायचा, जॉर्जेट, क्रेपसारखं सुळसुळीत कापड असेल तर ४८ तास. मग अंगावर घालून जमिनीपासून पट्टीने सगळीकडे सारखं अंतर मोजून खूण करायची, जादा कापड कापायचं आणि त्यानंतरच खालची दुमड घालायची. आधी दुमड घातली तर उसवावी लागते.

शब्दवेध

रुग्णसेवा यांचा 'तोंड वाकडं होणे' मान्य, पत्रकासाठी तोच योग्य. 'ओघळ' रंगकामाला ठेवू. भिंतीवर रंग जाड लागून खाली सरकतो त्याला इंग्रजीत सॅग म्हणतात, आणि आपल्याकडे रंगारी त्याला ओघळच म्हणतात.

एक सावधगिरी राहिली. फळांवरच्या मजकुरात 'ड्रूप' आला तर स्पेलिंग पाहा. डी, आर, यू, पी, ई असेल तर तो वेगळाच शब्द आहे, लॅटिनमधून आलेला, उच्चार मात्र तोच. वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ बाहेर साल, मध्ये गर आणि आत एकच टणक कोय असलेलं फळ. मराठीत त्याला अश्मगर्भी फळ म्हणतात. आंबा आणि बोरच नव्हे तर आलुबुखार आणि नारळसुद्धा त्यातच मोडतात. नारळात गराच्या जागी काथ्या असतो आणि करवंटी ही कोयीची कठीण भिंत. ध्वनिमुद्रणावरून भाषांतर करत असाल तर 'मँगो इज अ ड्रूप' ऐकून आंबा लोंबतो असं लिहू नका.